कापलेला लाल गोफ

२० सप्टेंबर २०११, योनेझावा

चिलखताची पेटी आज दुरुस्तीला आली. इसोगाई-सान स्वतः छोटा टेम्पो चालवत डोंगर ओलांडून घेऊन आले. माझ्या कार्यशाळेत गोफ विणणाऱ्या ओबाता-सानने त्यांना दारातच थांबवलं आणि किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र पेटीवर, चाकांवर, त्यांच्या बुटांवर फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र टोपी काढून शांत उभे. "मोजा, मोजा," म्हणाले. "हल्ली आम्हाला सगळीकडे मोजूनच आत घेतात." आकडा ठीक निघाला. मग ओबाता-सानने न विचारता चहा केला, आणि तो संपायच्या आत पुन्हा ओतला. तिची माफी मागायची रीत अशीच.

समुद्रकाठच्या, फुटलेल्या अणुभट्टीच्या बाजूच्या तोबिहामा गावचे हे लोक. तिकडे दर जुलैत घोडेस्वारांची मिरवणूक निघते. इसोगाईंच्या घरचा पुरुष त्यात पिढ्यान्पिढ्या हेच चिलखत घालून बसतो. मार्चमध्ये भूकंपामागून त्सुनामीची लाट आली. घराचा खालचा मजला वाहून गेला आणि एकुलता एक मुलगा, केइगो, गेला. सव्वीस वर्षांचा. तो एप्रिलमध्ये कालव्याच्या बांधापाशी सापडला. ही पेटीही त्याच बांधाला, थोडी पुढे, अडकलेली होती.

"चिलखतासाठी थांबला तो," इसोगाई-सान म्हणाले. "मी कामावर होतो. फोन कसाबसा लागला. 'वर नेतोय, बाबा. ठेवतो,' म्हणाला. तेच शेवटचं."

आवाज अजिबात हलला नाही. गावात सगळ्यांना हे सांगून सांगून गुळगुळीत झालं असावं. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या जुलैला मी हे घालून घोड्यावर बसणार. होईल ना?" आणि मी "होईल" म्हणून बसले. पेटी उघडूनही पाहिली नव्हती.

२२ सप्टेंबर

उघडली. आधी वास आला. डिझेल, कुजलेलं शेवाळ, आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव द्यायचं मी टाळते आहे. छातीचे पत्रे गंजून फुगलेत, त्यावरची लाख पापुद्र्यांनी सुटते आहे. रेशमी गोफांत गाळ मुरून ते लाकडासारखे कडक झालेत. शिरस्त्राणाच्या आत मूठभर वाळू आणि एक शिंपला, जिवंतपणी मिटला असावा तसा घट्ट.

मी आजवर तीनतीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांची चिलखतं साफ केली. रक्ताचे डागही पाहिलेत. त्यांचं काही वाटत नाही. हा गाळ मात्र यंदाचा आहे. बाहेर जाऊन पायरीवर बसले.

ओबाता-सान म्हणाली, "अगं, गोफ विणून विणून माझी बोटं वाकडी झाली, पण मी कधी रडले का? हात धू आणि ये आत." माझ्याआधीच तिचे डोळे लाल होते, ते मी बोलले नाही.

११ ऑक्टोबर

इसोगाई-सानच्या पत्नी, फुसाए-सान, आल्या होत्या. त्या दर आठवड्याला बसने इथे येतात, कारण त्यांच्या सासूबाईंना इथल्याच वृद्धाश्रमात ठेवलंय. लाटेतून त्या म्हातारीचा जीव वाचला. स्मृती आधीच गेली होती.

मी म्हटलं, आत या, काम दाखवते. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "नको. ते मला दिसायला नको." हातात खारवलेल्या आंबट उमे-फळांचा डबा होता, तोही बाहेरूनच पुढे केला.

"आजी कशा वाचल्या हो?" मी विचारलं.

"आईंची खोली वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी त्यांना तिथून काढलं आणि थेट हेलिकॉप्टरने नेलं. आम्हाला त्या चार दिवसांनी सापडल्या, इस्पितळात." मग एकदम म्हणाल्या, "हे एकदाही आईंना भेटायला आलेले नाहीत. ब्याण्णव वर्षांची आई जगली आणि पोरगा गेला, हे त्यांना बघवत नाही. माणूस असं बोलून दाखवत नाही. पण मी चाळीस वर्षं ऐकतेय ना त्यांचं गप्प बसणं."

गेल्यावर ओबाता-सानने एक उमे तोंडात टाकलं, चेहरा आंबट केला आणि म्हणाली, "हिला नवऱ्यापेक्षा जास्त कळतं."

२ नोव्हेंबर

पत्रे गोड्या पाण्यात. रोज पाणी बदलायचं, खारटपणा मोजायचा. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते आवडतं.

फुसाए-सानना सर्दी झाली, म्हणून आजींचे लोकरी मोजे मी पोचवून आले. बारीकशी, पक्ष्यासारखी बाई. आधी हसल्या. माझा चष्मा ओबाता-सानने विणलेल्या लाल गोफात अडकवलेला असतो. तो त्यांना दिसला आणि त्यांनी झडप घालून तो पकडला. केवढी ताकद त्या बोटांत! गोफ स्वतःच्या काखेखालून ओढायला लागल्या आणि सारखं म्हणत होत्या, "हात वर कर, आजी. हात वर कर, आजी." स्वतःलाच आजी म्हणत होत्या. परिचारिका धावत आली. म्हणाली, लाल दोरी दिसली की असंच करतात, म्हणून आम्ही त्यांच्यासमोर पार्सलचीसुद्धा दोरी सोडत नाही.

म्हातारपणी मनाचं काय होईल सांगता येत नाही. चष्मा वाकला. घरी येऊन सरळ केला.

१९ नोव्हेंबर

रागात लिहितेय म्हणून अक्षर असं.

गोफांवरचा गाळ मोकळा झाला आणि आज नीट दिसलं. चिलखताच्या पाठीवर लाल गोफाचा मोठा गोंडा असतो, तो नाही. शिरस्त्राण हनुवटीखाली बांधायचा लांब गोफ नाही. कमरेभोवती गुंडाळायचा कापडी पट्टा नाही. इथवर मला वाटलं होतं, पाण्याने नेलं. पण खांद्यांचे गोफही नाहीत आणि त्यांची मुळं जागेवर आहेत. सरळ, स्वच्छ टोकं. कुणीतरी पात्याने कापलेत. एका ठिकाणी पातं घसरून लाखेवर ओरखडा उठलाय. बाहेरून रेशीम विटकं आणि कापल्या जागी आतून अजून डाळिंबासारखं लाल.

सापडलेल्या वस्तू जिथे गोळा करून ठेवत होते त्या शाळेत फोन केला. कुणी स्वयंसेवक होता. मी त्याला वाटेल ते बोलले. लोकांची घरं गेली, माणसं गेली, आणि तुम्ही आठवण म्हणून गोंडे कापून नेता? तो बिचारा "माफ करा, माफ करा" एवढंच म्हणत राहिला. फोन ठेवल्यावरही माझा राग उतरेना.

२३ नोव्हेंबर

शाळेतल्या त्या स्वयंसेवक मुलाची माफी मागायला हवी.

कापलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तंतूंच्या आतपर्यंत गाळ आहे. समुद्राची बारीक वाळू, मिठाचे कण, सगळीकडे आहे तसाच. नंतर कापलं असतं तर आतली बाजू कोरी राहिली असती. मी दुसरं टोक पाहिलं, तिसरं पाहिलं. मग ओबाता-सानला बोलावलं. तिने एक डोळा मिटून पाहिलं, बराच वेळ, आणि नुसतं "अरे देवा" म्हणाली.

लाट यायच्या आधी कापलंय. घरात. पेटीचं झाकणही नीट लावलेलं होतं.

घरात त्या दुपारी केइगो होता. आणि वर आजी.

५ डिसेंबर

फुसाए-सानना आडून विचारलं, केइगोला मिरवणुकीची आवड होती का? त्या हसल्या. गेल्या नववर्षाला बापलेकांत मोठं वाजलं होतं म्हणे. त्याला सेंदाईत नोकरी मिळत होती. "मी घोड्यावर बसणार नाही, मला या लोखंडात कोंबू नका," म्हणाला होता. इसोगाई-सान म्हणाले, "मग या घरात जेवूही नकोस." जेवला तो, दोन वाट्या जास्त. पण बोलणं तुटलं ते तुटलंच.

म्हणजे रागाने कापलं? बाप कामावर, घरात बघणारं कुणी नाही, पोराने पेटी उघडली आणि पात्याने घराण्याची शान कापून टाकली, झाकण लावलं. आणि मग भूकंप. आणि फोनवर बापाला म्हणतो, "वर नेतोय." बापाचा आधार हे एकच वाक्य आहे.

ओबाता-सानचं मत: "नवे गोफ विणते, लाव आणि गप्प बस. कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुला कळून काय व्हायचंय? तुझा कोण आहे तो?"

बरोबर आहे तिचं. पण काय सापडलं, काय बदललं, हे मालकाला सांगायचं असतं. खोट्यावर गोफ बांधून मी त्या माणसाला घोड्यावर कसं बसवू? सांगेन. बरोबर आहे की नाही, माहीत नाही.

१७ डिसेंबर

आज मी जे केलं ते सगळं लिहून ठेवते.

त्यांच्या तात्पुरत्या वस्तीत गेले. पत्र्याच्या रांगा, त्यात दोन खोल्या. केइगोचा फोटो, त्यापुढे संत्री. फुसाए-सानने भात नि मिसोचं सार वाढलं. जेवणानंतर मी छायाचित्रं मांडली आणि जमेल तितक्या हळू सांगितलं. पात्याने कापलंय. पाण्याच्या आधी. घरातल्या कुणीतरी.

इसोगाई-सान छायाचित्रांकडे पाहत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ते अगदी हळू म्हणाले, "केइगो."

"मला खात्रीने सांगता—"

"दुसरं कोण होतं घरात?" त्यांनी छायाचित्र उलटं ठेवलं. "इतका राग होता का रे तुला? इतका?" ते फोटोशी बोलत होते. "मी लोकांना सांगत फिरतोय. देवळात सांगितलं. टीव्हीवाल्यांना सांगितलं. माझा पोरगा चिलखतासाठी..." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला एक ठाऊक नाही. हिलाही ठाऊक नाही. मीच सांगितलं होतं त्याला फोनवर. लाटेची सूचना झाली होती, सगळे टेकडीकडे निघाले होते, आणि मी म्हटलं, 'आधी चिलखत वर ने.' तो निघून गेला असता. मी थांबवलं. तो 'वर नेतोय' म्हणाला, तेवढ्यावर मी उभा होतो. मरायच्या आधी पोराने आपलं ऐकलं, एवढ्यावर. आणि तेही खोटं. त्याने ते केव्हाच कापून ठेवलं होतं."

फुसाए-सान जागच्या हलल्या नव्हत्या. आता नवरा जे बोलला त्यावर त्या काहीतरी बोलतील म्हणून मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "कोणत्या रंगाचा गोफ?"

"लाल," मी म्हटलं.

"जाड? करंगळीएवढा?"

"हो."

त्या उठल्या. न्हाणीघरातून, कपडे धुवायच्या यंत्रामागून, एक काळी प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. तोंडाला इस्पितळाची चिठ्ठी चिकटवलेली. "आईंच्या अंगावरचे कपडे. मार्चपासून मला उघडवले नाहीत. टाकवलेही नाहीत. बाहेरून हात लावला तेव्हा आत काहीतरी दोरासारखं लागलं होतं. मला वाटलं, स्ट्रेचरचा पट्टा."

वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी ओतली. गाळाने कडक झालेला जांभळा स्वेटर. त्याच्या दोन्ही काखांतून गेलेला, छातीवर फुली मारलेला, गाठींवर गाठी मारलेला लाल गोफ. शिरस्त्राणाचा गोफ, त्याला जोडलेले खांद्यांचे, मग कापडी पट्टा, मग उसवून लांब केलेला गोंडा. एकाला एक जोडत गेलेला दोर. पाठीमागे सैनिकांनी कापला होता, ती टोकं वेगळी दिसत होती, फुललेली.

मी माझं छायाचित्र शेजारी धरलं. खांद्याच्या टोकाला जुना पिवळा धागा आहे. इथेही होता. मी नुसतं बोट ठेवलं.

"पण आई तर वर होती," इसोगाई-सान म्हणाले. "तिची खोली वर आहे."

"त्या दिवशी बर्फ भुरभुरत होता," फुसाए-सान म्हणाल्या. "थंडी वाजते म्हणून मी त्यांना सकाळी खाली आणून गरम टेबलाच्या रजईत बसवलं होतं आणि कामाला गेले. त्या खाली होत्या हो. जिना त्यांना चढता येत नाही." मग त्यांनी स्वेटरवर तळहात ठेवला. "'वर नेतोय' म्हणाला ना? आईंना नेत होता. पाठीवर बांधून नेलं, आणि पाणी वर आलं तेव्हा खांबाला बांधलं असणार, म्हणून तर सैनिकांना पाठीमागे कापावं लागलं."

हात वर कर, आजी. मी ते ऐकलं होतं. माझ्या चष्म्याचा गोफ ओढत त्या म्हणत होत्या, आणि मी घरी येऊन चष्मा सरळ केला होता.

इसोगाई-सान गुडघ्यांवर पुढे सरकले. एक गाठ बोटांनी चाचपली. "ही गाठ मी शिकवली त्याला," म्हणाले. "घोड्याची." आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो रडणं होतं की हसणं, मला कळलं नाही. "कापलंस! पाच पिढ्यांचं चिलखत कापलंस, गाढवा! बरं केलंस. बरं केलंस." शेजारच्या घरातून कुणीतरी भिंतीवर थाप मारून विचारलं, "इसोगाई-सान, ठीक आहे ना?" फुसाए-सानने मोठ्याने उत्तर दिलं, "ठीक आहे! आमचा केइगो सापडला!"

बर्फात गाडी चालवून कशी पोचले, आठवत नाही.

१९ डिसेंबर

ओबाता-सानला सांगितलं. तिने गोफ विणायचे लाकडी ठोकळे खाली ठेवले आणि दिवसभर उचलले नाहीत.

माझा तर्क केवढा पक्का होता. वाळूचा कण दिसला, शेजारची म्हातारी नाही दिसली. एका मेलेल्या मुलावर मी काय आळ घेऊन गेले होते त्याच्या बापाकडे!

८ फेब्रुवारी २०१२

इसोगाई-सानचा फोन. आवाज ओळखू आला नाही, इतका हलका. म्हणाले, कापलेली टोकं तशीच ठेवायची, झाकायची नाहीत. नवा गोफ शेजारून लावा. "लोक विचारतील, मग मी सांगेन. माझ्या पोराचा हात आहे तो." जुलैत नक्की बसणार घोड्यावर.

मी विचारलं, म्हणजे आता गावात काय सांगता?

"तो चिलखतासाठी थांबलाच नव्हता, हे सांगतो. आजीसाठी थांबला. पेटी त्याच्याजवळ बांधाला सापडली, त्याचं काय, पाण्याने ती कुठेही नेली असती."

बांधाची गोष्ट मी काढलीच नव्हती. तेच आपणहून बोलले.

ओबाता-सान लाल रेशीम रंगवायला घेते आहे. तिसऱ्यांदा. पहिले दोन लाल तिला "टोमॅटो" वाटले.

३ जून

गोफ लागले. नवे शेजारी, जुनी कापलेली टोकं मोकळी. मी इतकं चांगलं काम पुन्हा करेन असं वाटत नाही. ओबाता-सान लांबून पाहून म्हणाली, "वाईट नाही." बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२९ जुलै

मिरवणूक काल झाली. इसोगाई-सान घोड्यावर बसले नाहीत. चिलखत अजून माझ्याकडेच आहे, कोपऱ्यात, पांढऱ्या कापडाखाली. फुसाए-सानने फोनवर सांगितलं की ते सकाळी कालव्याच्या बांधावर गेले आणि मिरवणूक परतेपर्यंत तिथेच उभे होते. परत केव्हा न्याल, हे मी विचारलं नाही.

गेल्या रविवारचं लिहायला मी आठवडा टाळलं.

ते दोघं चिलखत न्यायला आले होते. इसोगाई-सानच्या अंगात नवा शर्ट, केस कापलेले. टेम्पोत त्यांनी रजया अंथरून आणल्या होत्या. पेटी उचलायच्या आधी म्हणाले, "आधी आईला भेटून येऊ. सव्वा वर्ष झालं, तिला तोंड दाखवलं नाही. तिच्यावर केवढा राग धरला मी. आज पाया पडतो तिच्या." मलाही बळेच घेतलं. गाडीत ते गुणगुणत होते. फुसाए-सानने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे बघा हे काय ध्यान.

आजी खिडकीशी खुर्चीत होत्या. इसोगाई-सान पुढे जाऊन वाकले. "आई."

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. हात वर करून केसांवरून फिरवला. उकाड्याने घाम आला होता. "ओला झालास की रे," म्हणाल्या. मग त्यांची बाही दोन्ही मुठींत धरली. ती पकड मला माहीत आहे. "केइगो, आता परत खाली जाऊ नकोस."

फुसाए-सान हसून पुढे झाल्या. "आई, हे केइगो नव्हेत, हे—"

इसोगाई-साननी हात वर करून त्यांना थांबवलं. चेहऱ्यावरचं सगळं रक्त गेलं होतं.

आजी त्यांना जवळ ओढत होत्या, शर्टाची शिवण उसवेल इतक्या जोराने. "मला बांधलंस ना घट्ट? मग तूही इथेच बस. पाणी बघ किती आलंय. राहू दे ते चिलखत खाली. मी सांगेन तुझ्या बाबांना. नाही रागावणार ते. मी सांगेन ना."

खोलीत पंखा फिरत होता. फुसाए-सानने भिंत धरली. मी दाराशी होते आणि मला तिथून निघून जायचं होतं.

इसोगाई-सान गुडघ्यांवर बसले, आईच्या तोंडासमोर तोंड येईल असे. बाही त्यांनी सोडवून घेतली नाही.

"बरं, आजी," ते म्हणाले. "नाही जात."